कंसातला तीन

४ तारीख, सोमवार

आज कारखान्यात पहिला दिवस होता. शी. एवढंच लिहून वही मिटणार होते, पण वहिनी शेजारी बसून चहा भुरकतेय आणि मी रिकामी दिसले की ती बोलायला लागते. म्हणून लिहितेय.

तिथे नळांना चकचकीत मुलामा देतात. प्लेटिंग म्हणतात. पितळेचे नळ तारेच्या आकड्यांना टांगायचे आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवत न्यायचे. आधी अ‍ॅसिड, मग निकेल, शेवटी क्रोम. निकेलची टाकी शेवाळासारखी हिरवी आहे, ती तरी बघवते. क्रोमची म्हणजे सडलेल्या बिटाचं पाणी. वर बुडबुडे फुटतात आणि बारीक तुषार उडतात, जसं काही आत कोणीतरी बसून शिंकतंय. जिभेवर खिळा ठेवल्यासारखी चव येते. जेवताना डब्यालाही तीच चव. संडासाबद्दल लिहीत नाही, वही खराब होईल.

मिस्त्री गेंगाणं बोलतो. म्हणाला, "मला बाई वीस वर्षांत कसलाच वास आलेला नाही. सुखी माणूस." मला त्याचा हेवा वाटला.

वहिनीनेच मला चिकटवलं तिथे. दादा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी दिवस मी आणि वहिनी एका गादीवर. आणि वहिनीचं नाक हा माझ्या आयुष्याचा प्रश्न झालाय. सारखं सूं सूं. बोट घालते, खपली काढते, बघते आणि पदराला पुसते. परवा उशीला रक्त होतं. मी उशी उलटी केली. आईला म्हटलं, ही नाकात बोटं घालते. आई म्हणाली, "मग तिला सांग की."

मी कोणालाच काही सांगत नाही. नववीत सरांनी धडा वाचायला उभं केलं होतं आणि आवाजच फुटला नाही. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. मग ते वर्ष संपेपर्यंत दुखलं आणि शाळा सुटली.

७ तारीख

मालक दात कोरत बोलतो. काडी बाहेर काढतो, हुंगतो, परत आत घालतो. मी त्याच्या बुटांकडे बघत उभी राहते. त्याला वाटतं मी मर्यादाशील आहे.

बायकांनी माझं नाव मुकं मांजर ठेवलंय. सगळ्यांत मोठ्या आहेत त्यांना सगळ्या मोठीबाई म्हणतात, त्यांनी वहिनीला विचारलं, "ही घरी तरी बोलते का गं?" वहिनी म्हणाली, "आमच्या वन्सं? त्यांचे शब्द मोत्याचे. अजून एकही ओवलेला नाही."

सगळ्या हसल्या. वहिनी हसली की हल्ली नाकातून बारीक शिट्टी वाजते. खरंच. कुकरसारखी नाही, बाळाच्या खेळण्यासारखी. किती घाण असावं माणसाने.

क्रोमच्या टाकीवर वहिनी, मोठीबाई आणि अजून दोघी आहेत. तोंडाला मास्क, नाकपुड्यांना आतून व्हॅसलीन, आणि वर मोठा पंखा जो वाफ बाहेर ओढतो. व्हॅसलीनच्या एकाच डबीत चौघींची बोटं. मला निकेलवर ठेवलंय. देव आहे.

१५ तारीख

मालकाने सगळ्यांना जमवलं. एक मोठी कंपनी आपले नळ घेणार आहे, पण तिची अट आहे की क्रोम सहाचा नको, तीनचा हवा. सहाचा माणसाला बाधतो, तीनचा त्या मानाने निरुपद्रवी. "तर आपण तीनवर आलोय," मालक म्हणाला. "नवीन माल आलाय. जुनं विसरा."

नवीन पिंपं आली खरी. मिस्त्रीने एक फोडलं. आत लाल-काळे खडे, आधीसारखेच. मला तरी सारखेच दिसले, पण मला काय कळतं.

कंपनीची माणसं बघायला येणार म्हणून प्रत्येक पिंपावर आणि टाकीवर शास्त्रीय नावाची पट्टी हवी. मालक म्हणाला, "अक्षर कोणाचं चांगलं आहे?" वहिनी लगेच, "माझ्या नणंदेचं. छापल्यासारखं." मला तिला चिमटा काढावासा वाटला. पण आठवडाभर टाकीपासून दूर, स्टोअरमध्ये एकटीने बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. मी नको म्हटलं नाही.

१८ तारीख

केमिस्ट आला होता. तो मोटरसायकलवरून येतो, टाकीतलं पाणी बाटलीत घेतो, केस नीट करतो आणि जातो. आज मला नावं कशी लिहायची ते सांगायला स्टोअरमध्ये थांबला. अत्तर इतकं की अ‍ॅसिड बरं वाटलं.

पण सांगितलं चांगलं. म्हणाला, काही धातू एकाच स्वभावाचे नसतात. लोखंड कधी दोन देतं, कधी तीन. नुसतं लोखंडाचं क्लोराइड म्हटलं तर कोणतं ते कळत नाही. म्हणून धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा टाकायचा, म्हणजे या वेळी तो किती देतोय ते. त्याने कागदावर चार नावं लिहून दिली आणि फोन आला म्हणून गेला.

निकेल क्लोराइडच्या पिंपावर इंग्रजी अक्षरांची जी रासायनिक खूण छापलीय, तिच्यात खाली बारीक २ आहे. कागदावर निकेल (II) क्लोराइड. सांडपाण्यात टाकतात त्या लोखंडाच्या क्लोराइडवर बारीक ३ आहे. कागदावर आयर्न (III) क्लोराइड. अच्छा, म्हणजे खाली जो बारीक आकडा तोच कंसात. एवढंच तर होतं. शाळेत उगीच बाऊ करतात.

क्रोमच्या पिंपाचं नाव कागदावर नव्हतं. मालक आला, काडी हुंगली, पिंपावर बोट ठेवलं. सी आर, मग ओ, आणि ओच्या खाली बारीक ३. "काय लिहिलंय?"

मी बोटं तीन केली.

"मग लिही तीन."

क्रोमियम (III) ऑक्साइड. तीन काठ्या इतक्या सरळ आल्या की मी जरा वेळ बघतच बसले.

२२ तारीख

पंखा बंद केला. मालक म्हणाला, आता तीनचा आहे, गरज काय, उगाच घरघर. मास्क एका खोक्यात टाकून दिले, घामट, पिवळे, एकमेकांत अडकलेले. ते खोकं माझ्या स्टोअरमध्येच ठेवलंय. ओकारी येते.

मोठीबाईंना शंका होती. "रंग तर तोच आहे गं."

वहिनी म्हणाली, "अहो, माझ्या नणंदेने स्वतः लिहिलंय. ती चूक करायला तोंड उघडत नाही, हात कशाला उघडेल?" आणि मास्क काढून असा मोठा श्वास घेतला, जसं काही बागेत आलीय.

मला बरं वाटलं ते. लिहून ठेवते, कारण कोणी असं बोलत नाही माझ्याबद्दल.

२९ तारीख

वहिनीला सर्दी म्हणे. नाक लाल, वरच्या ओठाला भेगा. आज भाजीच्या पातेल्यावर शिंकली. मी जेवले नाही. आई म्हणाली, "नाकाने कांदे सोलू नकोस." मी मनात म्हटलं, नाकाने काय काय करतात ते शेजारी बघ.

आईने वाफारा दिला. वहिनी टॉवेलखालून म्हणाली, "वास येत नाही हो काही, निलगिरी घातलीत का नुसतं पाणी?" घातली होती. आख्ख्या घरात येत होता वास.

३ तारीख

एक गोष्ट खटकतेय. किळस नाही, नुसती खटकतेय.

मोरचूद. निळे खडे. पिंपावरच्या खुणेत सगळ्यात खाली बारीक ४ आहे. माझ्या नियमाने कंसात चार यायला हवा. पण केमिस्टच्या कागदावर कॉपर (II) सल्फेट. मी कागदावरून उतरवलं होतं, तेव्हा बघितलंच नाही.

निकेल सल्फेटलाही तसंच. खाली ४, कंसात II.

म्हणजे बारीक आकडा तो नव्हेच.

६ तारीख

केमिस्टला विचारायचं ठरवलं होतं. तो आला. शेवटी मी मोरचुदाच्या ४ वर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. तो हसला, पण वाईट नाही हसला.

म्हणाला, तो ४ ऑक्सिजनचा आहे. किती जण आहेत ते. धातू किती देतो ते मोजावं लागतं. "असं समज, ऑक्सिजन मागणारा. प्रत्येक जण दोन मागतो. क्लोरीन एकच मागतो. सल्फेट म्हणजे आख्खं एक कुटुंब, सगळे मिळून दोन मागतात. देणं आणि मागणं फिटून शून्य झालं पाहिजे. मग धातूच्या वाट्याला जे येतं, तो कंसात."

क्लोरीन एकेक मागतो म्हणून माझा नियम तिथे बरोबर आला. तीन क्लोरीन, तीन मागणी, लोखंड तीन. योगायोग.

मी मग क्रोमचं मोजलं. ऑक्सिजन तीन. प्रत्येकी दोन. देणारा एकच.

परत मोजलं. परत सहाच.

केमिस्ट हेल्मेट घालत होता. मी म्हटलं, "सहा." मोठ्याने. म्हणजे मला मोठ्याने वाटलं. तो म्हणाला, "काय?" मी क्रोमच्या पिंपाकडे बोट दाखवलं. परत म्हटलं, "सहा येतात."

त्याने दाराकडे बघितलं. "गणित बरोबर आहे तुझं. पट्टी मालकांची आहे."

"माझी आहे."

"मग कशाला मोजत बसलीस?" तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली. अत्तराचा वास किती वेळ तिथेच.

त्याला माहीत होतं. दर वेळी ते पाणी बाटलीत भरून नेतो, त्याला माहीत होतं. मालकाच्या काडीची येते त्याच्या दसपट किळस आली. आणि एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. तीन काठ्या माझ्या आहेत.

७ तारीख, शनिवार

आज सुट्टी झाल्यावर वहिनीला म्हटलं, थांब. बाकीच्या गेल्या. धुण्याच्या नळापाशी उजेड असतो तिथे तिला बसवलं. तिला वाटलं मी काहीतरी गुपित सांगणार. "कोण आहे तो? केमिस्ट? वन्सं, तो केसांवर प्रेम करतो, तुमच्यावर नाही करणार."

मी म्हटलं, "नाक दाखव."

"काय?"

"नाक."

मोबाईलचा उजेड डाव्या नाकपुडीला लावला. खपल्या, पिवळं, ओलं. आणि उजवी नाकपुडी आतून लाल पेटली. मधे पडदा असतो ना, हाडासारखा. त्याला भोक आहे. चण्याएवढं. उजेड सरळ पलीकडे.

मी शॉवरची एक तबकडी उचलली, आजच क्रोममधून निघालेली, आरशाहून लख्ख, आणि तिच्यासमोर धरली. तिने बघितलं.

शिट्टी तिथून वाजत होती. आणि मी इथे काय काय लिहून ठेवलंय.

मी सांगितलं तिला. सहा आहे, तीन नाही, आधीही सहाच होता, पंखा असतानाही लागलंच असणार थोडंथोडं, आणि आता तर. मी आयुष्यात एवढं सलग बोलले नव्हते. वहिनी गप्प. हे उलटं झालेलं मला सहन होईना.

मग ती म्हणाली, "तू लिहिलंस म्हणून मी मास्क काढला."

तिने तबकडी पदराने पुसून जागेवर ठेवली.

९ तारीख

जेवणाच्या सुट्टीत बोलले. वहिनी म्हणाली, "मी सांगितलं तर म्हणतील ही काम टाळायला रडते. तू सांग. तू लिहिलंस." खाली बसूनच बोलले. आवाज चिरका निघाला, थुंकी उडाली. स्वतःचीच किळस.

म्हटलं, पट्टी चुकलीय. ऑक्सिजन तीन आहेत, प्रत्येक जण दोन मागतो, आणि देणारा क्रोम एकटा. म्हणजे सहा.

कोणाला कळलं नाही. मग डब्यांवर दाखवलं. तीन डबे, प्रत्येकासमोर दोन पोळ्या, सगळ्या एकाच डब्यातून काढायच्या.

मोठीबाई म्हणाल्या, "हे तर माझं घर झालं. मागणारे ढीगभर, देणारी मी एकटी." दोघी हसल्या. मोठीबाई हसल्या नाहीत. "म्हणजे आम्ही गेले अडीच आठवडे उघड्या नाकाने सहाच ओढतोय?"

"हो."

"आणि तू निकेलवर."

एकीने पोळी परत डब्यात टाकली, झाकण आपटलं. कोणी शाब्बास म्हटलं नाही. एक जण म्हणाली, "मुकं होतं तेच बरं होतं मांजर."

पण उठून चौघी स्टोअरमध्ये आल्या आणि खोक्यातून मास्क ओढून काढायला लागल्या. मोठीबाईंनी स्वतः जाऊन पंख्याचा खटका दाबला. मी मार्कर घेतला. तीन काठ्या खोडल्या, वर (VI) लिहिलं. वाकडं आलं. मिस्त्री माझ्यामागे उभा होता. तो म्हणाला, "मला वास येत नाही, आता दिसतही नाही," आणि निघून गेला.

१० तारीख

मालक ओरडेल असं वाटलं होतं. तो गोड बोलला. ते जास्त घाण होतं.

आम्हा दोघींना आत बोलावलं, खुर्ची दिली. वहिनीला म्हणाला, "तू माझ्या बहिणीसारखी. तुला नाक कोरायची सवय आहे, सगळ्यांनी बघितलंय. त्याने भोक पडतं. मोठ्या डॉक्टरकडे जा, ही सवय सांग, तसं त्यांच्या तोंडून येऊ दे. मग या बायकाही शांत होतील. आणि तुम्ही दोघी उद्यापासून पॅकिंगला. बसून काम, कोरडं काम." मग माझ्याकडे बघून, "पोर हुशार आहे. पण अर्धवट शाळेचं ज्ञान."

"आणि नाही सांगितलं तर?" वहिनी.

काडी बाहेर, हुंगली. "तर मग कशाला याल?"

घरी येताना वहिनी म्हणाली, "पॅकिंगला खिडकी आहे. माहितीये?" मला माहीत होतं. तिथल्या बायकांच्या हातांना रंग नसतो. इतक्या दिवसांत शिकलेलं बोलणं कुठे गेलं कोण जाणे.

१२ तारीख

डॉक्टरीण बाई होत्या. कपाळाला दिवा. वहिनीच्या नाकात चिमटा घालून नाकपुडी फाकवली, मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसले, तेही घाणेरडंच होतं.

"कधीपासून?"

"सवयच आहे हो मला," वहिनी म्हणाली. "बोट घालायची. लहानपणापासून. घरचेही बोलतात."

पाठ केल्यासारखं. माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरीण बाईंनी दिवा वर केला आणि मला विचारलं, "तुम्ही एकत्र राहता? नाक कोरताना बघितलंयत हिला?"

बघितलंय. या वहीत किती पानं त्यावरच आहेत. हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. आणि पॅकिंगला खिडकी आहे.

मी म्हटलं, "कोरते. खपल्या धरतात म्हणून कोरते. खपल्या टाकीवर काम करते म्हणून धरतात."

वहिनीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"कसली टाकी?"

"क्रोमची."

"कोणता क्रोम, माहितीये?"

"सहा. क्रोमियम सहा. पट्टीवर तीन होतं, पण सहा आहे."

"कोणी सांगितलं?"

"मी मोजलं."

त्यांनी मला अजून काही विचारलं नाही. वहिनीला म्हणाल्या, "आजपासून त्या टाकीजवळ जायचं नाही. उद्यापासून नाही, आजपासून. आणि तिथल्या बाकीच्यांना माझ्याकडे पाठवा. सगळ्यांना." मग वहिनी रक्ताच्या तपासणीला आत गेली तेव्हा मी विचारलं भोकाचं. त्यांनी सांगितलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

रिक्षात वहिनी बाहेर बघत होती. मग म्हणाली, "लोकांच्या नाकी नऊ येतात, माझ्या सहाच आले. तिथेही कमीच." मला हसू आलं आणि तिने परत पाय दिला.

१५ तारीख

दोघी घरी, काम गेलं. आई बोलत नाही, भांडी बोलतात. दादाचा फोन आला, वहिनी त्याला म्हणाली सर्दी आहे, ये तेव्हा सांगते.

मोठीबाई येऊन गेल्या. त्यांनाही डॉक्टरीण बाईंनी टाकीवर जायचं नाही असं सांगितलंय. कंपनीच्या माणसांना मालकाने दुसरीच कुठली तरी टाकी दाखवली म्हणे. पंखा चालू आहे. चहा पिताना म्हणाल्या, "माझी सून रंगाच्या कारखान्यात आहे. तिकडच्या पिवळ्या पावडरीचं नाव आणलं तर मोजशील?" मी म्हटलं, आणा. माझ्याकडे रागाने बघत होत्या आणि दुसरा कपही मागितला.

नाकात दोनदा मलम लावायचं असतं, कापसाच्या काडीने, खोलवर. वहिनीला स्वतःला जमत नाही, ती शिंकते. म्हणून मी. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवते आणि मी उजेड धरते. पिवळं ओलं असतं, कधी रक्त, आणि तो वास, जो तिला येत नाही, मला येतो. मला किळस येते. खोटं कशाला लिहू.

आज मलम लावून झाल्यावर तिने विचारलं, "भरेल ना गं ते?"

मी काडी पुसली. आई आत होती. मी म्हटलं, "नाही भरणार. परत तिथे गेली नाहीस तर मोठंही होणार नाही."

ती छताकडे बघत राहिली. नाकातून शिट्टी येत होती, बारीक, आत, बाहेर.

"सतरा वर्षं गप्प होतीस," ती म्हणाली, "तेव्हा किती बरं होतं."

डोकं मात्र उचललं नाही. माझ्या मांडीला मुंग्या आल्या तरी.